बर्नर पेटवण्याआधी: डोंगरातल्या हिवाळी वादळांत बीज पेरण्याची रीत

ढगात गोठवणारे कण पेरून डोंगरावर जास्त हिम पाडायचं, हे आमचं काम. ते शिकायला आलेल्या माणसाला मी पहिल्या दिवशी कण सोडणारा बर्नर दाखवत नाही, दोरी दाखवते. कड्यावरच्या उपकरणांच्या खांबाला ताण द्यायला बांधलेली जाड दोरी आहे ती. वादळ अंगावर असताना तिच्यावर बर्फ धरतो, पण तो खाली लोंबत नाही. वारा जिकडून येतो तिकडे तोंड करून पिसांसारखा वाढत जातो. पांढरा, ठिसूळ, बोटानं दाबला की चुरचुरत मोडणारा. हा बर्फ वरून पडलेला नसतो. ढगातले पाण्याचे बारीक थेंब, शून्याखाली आठ-दहा अंश असूनही न गोठलेले, दोरीवर आपटले आणि आपटताक्षणी गोठले. हे थेंब म्हणजे आमचं सगळं भांडवल. दोरीवर पिसं धरली असतील तर ढगात पेरण्यासारखं काही आहे. दोरीवर नुसतं भुरभुरीत कोरडं हिम बसलं असेल, तर बाहेर कितीही बर्फ पडत असो, बर्नर पेटवून उपयोग नाही.

मी अकरा हिवाळे हे काम करतेय, अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत. पहिले चार जनरेटरच्या, म्हणजे बर्नर बसवलेल्या, कण सोडणाऱ्या यंत्रांच्या देखभालीत गेले, पुढचे अंदाज वर्तवण्यात आणि 'पेटवा' किंवा 'थांबा' हे सांगण्यात. तिथल्या बहुतेक नद्यांचं पाणी हिवाळ्यात डोंगरावर साठलेल्या बर्फातून येतं. वसंतात तो वितळतो आणि धरणं भरतात. म्हणून हिवाळ्यात वर किती बर्फ साठला, याला एवढी किंमत.

आधी गोठण्याचं समजून घ्या

पाणी शून्य अंशाला गोठतं हे आपण शाळेत शिकतो, आणि तलावाच्या बाबतीत ते खरंही आहे. ढगातला थेंब मात्र एक मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा, शुद्ध, हवेत लटकलेला. गोठायला सुरुवात करून देईल असा एखादा कण त्याच्या आत नसेल, तर तो उणे ३८ अंशांपर्यंत पाणीच राहू शकतो. निसर्गात हे काम मुख्यतः धुळीचे कण करतात, पण त्यातले बहुतेक उणे १५ च्या खाली गेल्यावरच कामाला लागतात. शून्याखालीही न गोठलेल्या अशा पाण्याला अतिशीत पाणी म्हणतात. असा थेंब सेकंदाला जेमतेम एक सेंटीमीटर खाली सरकतो. डोंगरावर चढणारी हवा त्याला उचलून कड्यापलीकडे नेते, तिथे हवा उतरू लागते, गरम होते आणि थेंब विरून जातो. पाणी डोंगराच्या माथ्यावरून जातं, आणि डोंगराला मिळत नाही.

आता या थेंबांच्या गर्दीत हिमाचा एक स्फटिक आला तर? उणे १० अंशांना पाण्याच्या पृष्ठभागाशी तोल साधणारा बाष्पदाब सुमारे २.८६ हेक्टोपास्कल (दाबाचं एकक) असतो आणि बर्फाच्या पृष्ठभागाशी २.६० च्या आसपास. म्हणजे जी हवा थेंबाला जेमतेम पुरेशी दमट आहे, ती स्फटिकाच्या दृष्टीनं दहा टक्के जास्त दमट. स्फटिक त्या बाष्पावर भराभर वाढतो, हवा तेवढी कोरडी होते, थेंब आटतात, त्यांचं बाष्पही स्फटिकाकडेच जातं. अर्ध्या तासात तो खाली पडण्याइतका जड होतो. आम्ही करतो ते एवढंच: उणे ६ ते उणे १५ या पट्ट्यात, जिथे निसर्गाकडे गोठवणारे कण कमी असतात, तिथे ते पुरवतो. ढग आम्ही बनवत नाही. वादळ आणत नाही. हे पहिल्या दिवशीच मनात पक्कं करा, कारण गावातली माणसं तुम्हाला नेमकं उलटं विचारतील आणि त्यांना सरळ उत्तर मिळायला हवं.

ही युक्ती सापडली १९४६ मध्ये, स्केनेक्टडी इथल्या जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत. व्हिन्सेंट शेफर शीतपेटीत स्वतःच्या श्वासाचा ढग करून बघत होते. जुलैत पेटी आणखी थंड करायला त्यांनी त्यात कोरड्या बर्फाचा, म्हणजे गोठलेल्या कार्बन डायऑक्साइडचा, तुकडा टाकला आणि ढग क्षणात चमचमत्या स्फटिकांनी भरून गेला. १३ नोव्हेंबरला त्यांनी विमानातून खऱ्या ढगावर तेच करून पाहिलं. त्यांचे सहकारी बर्नार्ड व्होनेगट यांनी वेगळी वाट धरली. ज्याच्या स्फटिकातली अणूंची मांडणी बर्फाशी सर्वांत जास्त जुळते, असा पदार्थ ते शोधत होते, आणि त्यांना सिल्व्हर आयोडाइड, म्हणजे चांदी आणि आयोडीन यांचं संयुग, सापडलं. आज आमच्या टाकीत तेच आहे.

त्याला स्वतःची मर्यादा आहे. उणे ५ ला ते जवळजवळ काही करत नाही. उणे ८ ला कामाचं होतं. उणे १० ला चांगल्या जनरेटरमधून जळालेल्या एका ग्रॅमपासून गोठवणारे दहा लाख कोटींहून जास्त कण मिळतात. म्हणून तापमान बघताना पायथ्याचं बघू नका. कण ढगात ज्या उंचीवर पोचणार आहेत तिथलं बघा.

जागा ठरवताना

जनरेटर डोंगराच्या वाऱ्याकडच्या बाजूला बसवायचा, एवढं सगळ्यांना कळतं. किती अंतरावर आणि किती उंचीवर, तिथे खरा हिशेब आहे.

कण निघाल्यापासून हिम जमिनीवर पडेपर्यंत साधारण अर्धा तास धरा: वर जायला थोडा, स्फटिक वाढायला बराच, पडायला थोडा. कड्याजवळ वारा सेकंदाला १२ मीटर असेल, तर अर्ध्या तासात तो साडेएकवीस किलोमीटर जातो. तुमचा जनरेटर कड्यापासून ८ किलोमीटरवर असेल, तर त्या रात्री तुमचं हिम पलीकडच्या दरीत पडेल, आणि तेही वाटेत विरलं नाही तर. वारा सेकंदाला ५ मीटर असेल तर ९ किलोमीटर, म्हणजे हिम बरोबर माथ्यावर. म्हणून जनरेटरची एकच ओळ पुरत नाही. जवळची आणि लांबची अशा दोन तरी ओळी लागतात, आणि कोणत्या रात्री कोणती पेटवायची ते वाऱ्यावर ठरतं.

धुराचा पट्टा वाऱ्याबरोबर साधारण १५ अंशांच्या कोनात उघडत जातो. म्हणजे १० किलोमीटरवर त्याची रुंदी अडीच किलोमीटरच्या थोडी पुढे. यावरून दोन जनरेटरमधलं अंतर ठरवा. मधे मोठ्या फटी ठेवल्या तर डोंगराचा बराच भाग न पेरलेला राहतो, आणि पुढे हिशेब करताना सगळा डोंगर पेरला असं धरलं जातं. जमिनीवरून सोडलेला धूर फार उंचही जात नाही. डोंगराच्या अंगावरून चढत तो पाचशे मीटर, फार तर हजार मीटर वर जातो. त्यातली जमेची बाजू ही, की वाऱ्याकडच्या उतारावर अतिशीत पाणीही बहुधा त्याच खालच्या थरात दाटलेलं असतं.

शक्य असेल तितका जनरेटर उंचावर घ्या. दरीच्या तळाशी रस्ता असतो, जाणं-येणं सोपं असतं, म्हणून मोह होतो. पण दरीच्या तळाशी थंड हवाही साचते. त्याविषयी पुढे सविस्तर सांगते.

विमानाचाही पर्याय आहे. पंखाखाली लावलेल्या सिल्व्हर आयोडाइडच्या नळकांड्या जाळत ढगातून जायचं, म्हणजे कण थेट हव्या त्या उंचीवर. काम नेमकं होतं, पण ज्या ढगात अतिशीत पाणी आहे तोच ढग विमानाच्या पंखांवर बर्फ चढवतो. तो निर्णय वैमानिकाचा, आणि त्याच्या 'नको' पुढे वाद घालायचा नाही.

शरद ऋतूतलं काम

हिवाळ्यात जे बिघडतं त्यातलं बहुतेक शरदात टाळता आलं असतं. आमचा जनरेटर म्हणजे एक उंच खांब, त्यावर वाऱ्याचं कवच लावलेला बर्नर, खाली प्रोपेनची टाकी, सोल्युशनची टाकी, ते वर ढकलायला नायट्रोजनचा सिलिंडर, एक सोलर पॅनल, बॅटरी आणि उपग्रहाशी बोलणारा मोडेम. सिल्व्हर आयोडाइड ॲसिटोनमध्ये नुसतं टाकलं तर विरघळत नाही, सोबत दुसरं आयोडाइडचं क्षार घालावं लागतं. हे सोल्युशन प्रोपेनच्या ज्योतीत फवारलं जातं, ॲसिटोन जळून जातं, आणि डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या धुरात सिल्व्हर आयोडाइडचे अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात. एका जनरेटरमधून तासाला वीसेक ग्रॅम. एवढंच.

सोल्युशन भरताना घाई करू नका. उणे २० अंशांपर्यंतच्या थंडीतही ॲसिटोनची वाफ ठिणगीनं पेट घेऊ शकते, त्यामुळे 'थंडीत काय पेटणार' हा विचार धोक्याचा. ओतण्याआधी दोन्ही भांडी तारेनं जोडून जमिनीला अर्थिंग द्या. नेहमीचे निळे नायट्राइल हातमोजे ॲसिटोनसमोर टिकत नाहीत, ब्यूटाइल रबराचे घ्या. आणि टाकीत पाणी जाऊ देऊ नका. झाकणावरचं हिम आधी झाडा, मग झाकण उघडा. पाणी मिसळलं की सिल्व्हर आयोडाइड विरघळलेलं राहत नाही, पिवळसर गाळ होऊन खाली बसतं आणि फवाऱ्याच्या सुईएवढ्या छिद्रात अडकतं. माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात एक जनरेटर ऐन वादळात असाच बंद पडला. तिथवर पोचायला बर्फावरच्या गाडीनं चार तास लागत होते. पोचले, छिद्र उघडलं, आत साबणाच्या वडीसारखा पिवळा थर. ऑक्टोबरात पाऊस असताना झाकण उघडलं होतं ते मीच.

प्रोपेनची टाकी पूर्ण भरून हिवाळ्यात शिरा. प्रोपेन उणे ४२ ला उकळतं, म्हणून ते थंडीतही चालतं असं म्हणतात आणि ते बरोबर आहे, पण थंडीत दाब खूप उतरतो, आणि टाकी रिकामी होत गेली की आत वाफ तयार व्हायला द्रवानं भिजलेला पत्राही कमी उरतो. जानेवारीत ज्योत फडफडायला लागते ती यामुळे. सोलर पॅनल जवळजवळ उभं लावा, हिम घसरून पडलं पाहिजे. बर्नरचा खांब नेहमीच्या बर्फाच्या जाडीपेक्षा बराच उंच हवा, कारण मार्चमध्ये तुम्ही ज्या पातळीवर उभे असाल ती ऑक्टोबरातली जमीन नसेल.

परवानगी आणि नोंद हेही शरदातलंच काम. अमेरिकेत १९७१ च्या कायद्याप्रमाणे हवामानात असा कोणताही हस्तक्षेप करणाऱ्यानं नोआ या राष्ट्रीय संस्थेला कळवावं लागतं, आणि पहिला अहवाल काम सुरू होण्याच्या किमान १० दिवस आधी द्यावा लागतो. राज्यांचे परवाने वेगळे. कागद पूर्ण नसताना चांगलं वादळ आलं तर ते जाऊ द्यायचं.

वादळ आलं: काय बघायचं

खरं कौशल्य इथे लागतं.

पहिलं, कड्याच्या उंचीवरचं तापमान. वायोमिंगमध्ये २००८ ते २०१४ या हिवाळ्यांत जो मोठा प्रयोग झाला, त्यात हवेचा दाब ७०० हेक्टोपास्कल असतो त्या पातळीवर, म्हणजे सुमारे तीन किलोमीटर उंचीवर, उणे ८ किंवा त्याहून थंड अशी अट होती. मीही साधारण तीच धरते. दुसऱ्या टोकाला, ढगाचा माथा फार थंड असेल, उणे २५ च्या खाली, तर निसर्गानंच वर भरपूर स्फटिक तयार केलेले असतात. ते खाली पडताना सगळं अतिशीत पाणी गोळा करतात. अशा ढगात आपण भर घालून काही साधत नाही. नवखी माणसं इथेच चुकतात. जोरात बर्फ पडतोय म्हणजे चांगलं वादळ, असं त्यांना वाटतं. पेरण्यासाठी चांगलं वादळ पुष्कळदा दिसायला मरगळलेलं असतं: कड्याला चिकटलेला राखाडी ढग, मंद हिम, आणि दोरीवर भराभर वाढणारी पिसं.

दुसरं, पाणी आहे का. त्यासाठी रेडिओमीटर. ढगातून येणाऱ्या सूक्ष्मलहरी मोजून तो सांगतो की उभ्या रेषेतलं सगळं द्रव पाणी जमिनीवर पसरलं तर किती जाडीचा थर होईल. आकडे फार लहान असतात. ०.०५ मिलिमीटरच्या वर गेलं की मी खुर्ची पुढे ओढते, ०.२ म्हणजे उत्तम. पण त्या काचेवर ओलं हिम बसलं तर तो तेच पाणी मोजतो आणि आकडा अचानक फुगतो. आकडा एकदम उडी मारून वर गेला आणि तिथेच चिकटला, तर आधी कॅमेऱ्यातून काच बघा.

म्हणून मी बर्फमापक काडीवर जास्त विश्वास ठेवते. बोटाच्या पेराएवढी धातूची काडी, सेकंदाला सुमारे ४० हजार वेळा थरथरणारी. तिच्यावर अतिशीत थेंब गोठले की वजन वाढतं, थरथर मंदावते. अर्धा मिलिमीटरभर बर्फ साचला की आतला हीटर तो वितळवतो आणि पुन्हा पहिल्यापासून. पंधरा मिनिटांत असे किती फेरे झाले ते मोजायचं. दोरीचंच काम, फक्त रात्री तीन वाजता शंभर किलोमीटरवरून बघता येतं.

कड्यावर प्रत्यक्ष असाल तर अजून एक करा. काळ्या मखमलीचा तुकडा आधी दहा मिनिटं बाहेर गार होऊ द्या, मग पडणारं हिम त्यावर झेला आणि दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून बघा. श्वास रोखून, नाहीतर ते वितळतं. सहा हातांचे स्वच्छ, काचेसारखे, कडा धारदार असलेले तारे दिसले, तर ते वाटेत पाण्याच्या थेंबांना भेटलेलेच नाहीत, वर पाणी नाही. त्याच ताऱ्यांचे हात जाड, दाणेदार, साखर शिंपडल्यासारखे दिसले, किंवा आकार हरवून साबुदाण्यासारखे गोल दाणे झाले, तर वर अतिशीत पाणी भरपूर आहे. रेडिओमीटर आणि मखमल यांचं जुळलं नाही, तर मी मखमलीचं ऐकते.

तिसरं, धूर तिथवर पोचणार का. हे मी किंमत मोजून शिकले. निर्णयाच्या टेबलावरचा माझा पहिला जानेवारी. कड्यावर उणे ९, रेडिओमीटरवर ०.२, वारा नैर्ऋत्येचा, हवा तसा. रस्ते बंद होते म्हणून त्या संध्याकाळी हवेचं तापमान आणि वारा मोजत वर जाणारा बलून सोडला नव्हता, आणि मला वाटलं बाकी सगळं जुळतंय. रात्री अकराला सहा जनरेटर पेटवले, पहाटे पाचला विझवले. सहा तास, सहा जनरेटर, तासाला वीस ग्रॅम: सातशे वीस ग्रॅम सिल्व्हर आयोडाइड. सकाळी दरीत गेले तर एका घराच्या धुराड्याचा धूर वीस-पंचवीस मीटर वर जाऊन आडवा पसरला होता, टेबलावर चादर अंथरावी तसा, आणि डोंगराकडे न जाता दरीच्या लांबीनं हळूहळू सरकत होता. वरच्या हवेपेक्षा खालची हवा थंड आणि जड होती. आमचा सगळा धूर रात्रभर त्याच चादरीखाली होता. त्या रात्री वर वादळ होतं, पाणी होतं, आणि आमचा एक कणही तिथे पोचला नाही.

तेव्हापासून बलून सोडल्याशिवाय मी पेटवायला होकार देत नाही. बलूनच्या नोंदीत जनरेटरपासून कड्यापर्यंतच्या थरात उंचीबरोबर तापमान उतरतंय ना, ते बघा. मधे कुठे ते वाढत असेल, तर तिथे झाकण आहे. झाकण नसलं तरी वारा मंद आणि हवा स्थिर असेल, तर ती डोंगर चढण्याऐवजी त्याला वळसा घालते. जनरेटरजवळचा वारा आणि कड्यावरचा वारा यांच्या दिशा बघा. खालचा वारा डोंगराला समांतर असेल, तर त्या ओळीला त्या रात्री विश्रांती द्या. त्याहून वरच्या बाजूचे जनरेटर बहुधा झाकणाच्या वर असतात. तेवढेच पेटवता येतील.

पेटवणं आणि विझवणं

पेटवणं सोपं आहे. आदेश जातो, प्रोपेन उघडतं, ठिणगी पडते, ज्योतीतला तापमापक वर चढतो, मग सोल्युशन सुरू. ज्योत स्थिर होण्याआधी सोल्युशन सोडू नका. वेळ, वारा, तापमान, पाण्याचा आकडा, कोणता जनरेटर, हे सगळं त्या क्षणीच नोंदवा. सकाळी आठवून लिहिलेली नोंद विश्वासाची नसते. दर अर्ध्या तासाला पुन्हा बघा. हिवाळी वादळातला पाण्याचा काळ सहसा सलग नसतो. थंड हवेचा पट्टा सरकला की तासाभरात सगळा ढग बर्फाचा होतो आणि पाणी संपतं. दोनदा पेटवून दोनदा विझवलेली रात्र हे चांगल्या कामाचं लक्षण आहे.

काही प्रसंगी पाणी असो वा नसो, विझवायचं. हिमस्खलनाचा इशारा मोठा असेल तेव्हा. पुराचा इशारा असेल, किंवा साठलेल्या बर्फावर पाऊस पडायची चिन्हं असतील तेव्हा. डोंगरावरचा बर्फ त्या तारखेच्या सरासरीच्या फार वर गेला असेल तेव्हा. या मर्यादा हिवाळ्याआधी कागदावर लिहून ठेवा आणि ज्यांच्या डोंगराखाली घरं आहेत त्यांना त्या दाखवा. वादळाच्या रात्री त्या ठरवायला बसलात तर मन आपोआप 'अजून थोडं' म्हणतं. एका मार्चमध्ये खालच्या रस्त्यावर हिमस्खलनाची भीती होती म्हणून तीन सुंदर वादळं मी सोडून दिली. त्यांचे रेडिओमीटरचे आलेख अजून माझ्याकडे आहेत. आजही मी तेच करीन.

चांदीबद्दल लोक विचारतातच. सिल्व्हर आयोडाइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. पेरलेल्या हिमात चांदी सापडते ती लिटरमागे काही नॅनोग्रॅम, किंवा काही दशक नॅनोग्रॅम. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यासाठी चांदीची सूचित मर्यादा लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे एक लाख नॅनोग्रॅम. हे आकडे कागदावर घेऊन जा, आणि प्रश्न विचारणाऱ्याला घाईत उत्तर देऊ नका. आपल्या पाण्याबद्दल विचारायचा त्याचा हक्क आहे.

किती पडलं, हे कसं सांगायचं

पेरलं आणि बर्फ पडला, यावरून काहीच सिद्ध होत नाही. पेरलं नसतं तर किती पडला असता, हे कोणी बघितलेलं नाही, आणि एका वादळातून दुसऱ्या वादळात होणारा निसर्गाचा फरक आपल्या भरीपेक्षा कितीतरी मोठा असतो.

वायोमिंगमध्ये यासाठी मेडिसिन बो आणि सिएरा माद्रे या शेजारच्या दोन रांगा घेतल्या. योग्य वादळ आलं की कोणती पेरायची ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरायचं, दुसरी तुलनेसाठी तशीच. सहा हिवाळ्यांनंतर मुख्य कसोटीत वाढ दिसली ३ टक्के, आणि ती नुसत्या योगायोगानंही येऊ शकली असती. बाकीचे पुरावे, संगणकावरची प्रतिमानं आणि हिमातली चांदी एकत्र धरून निष्कर्ष निघाला तो पेरण्याजोग्या वादळांत ५ ते १५ टक्के वाढीचा. हे वाक्य पुढे सांगताना 'पेरण्याजोग्या' हा शब्द गाळू नका. हंगामातलं एक-तृतीयांश हिम अशा वादळांतून येत असेल आणि त्यात १० टक्के भर पडली, तर हंगामाची वाढ तीन टक्क्यांच्या आसपास येते. कोणी तुम्हाला सबंध हिवाळ्याची पंधरा टक्के वाढ सांगू लागलं, तर त्याला हा गुणाकार करून दाखवा.

कण टाकल्यावर खरोखर हिम होतं का, याचं सर्वांत स्पष्ट चित्र आयडाहोत मिळालं. २०१७ च्या जानेवारीत पायेट नदीच्या खोऱ्यावर विमान वाऱ्याला आडवं, पुढे-मागे करत कण सोडत होतं, आणि कड्यांवरच्या रडारवर थोड्याच वेळात तीच नागमोडी रेघ उमटली: आधी पुसट, मग ठळक, वाऱ्याबरोबर सरकणारी. आजूबाजूला जवळजवळ काहीच नाही. निसर्ग अशी रेघ काढत नाही. त्या महिन्यातल्या तीन प्रसंगांचा पुढे नीट हिशेब झाला. २० मिनिटांच्या पेरणीतून सुमारे १.२ लाख घनमीटर पाणी, ८६ मिनिटांच्या पेरणीतून २.४ लाख, आणि २४ मिनिटांच्या पेरणीतून ३.४ लाख. जमिनीवरच्या मापकांत मात्र ०.०५ ते ०.३ मिलिमीटर. थर एवढा पातळ, क्षेत्र एवढं मोठं. आणि आकड्यांचा क्रम बघा: जास्त वेळ पेरलं म्हणून जास्त पडलं, असं झालं नाही. त्या दिवशीच्या ढगात काय होतं, यावर ते ठरलं.

तुमच्याकडे दोन रांगा किंवा फिरती रडारं नसतील, तरी हिमाचे नमुने घ्या. ऑस्ट्रेलियाच्या स्नोई पर्वतातल्या प्रयोगातली रीत मला फार आवडते. तिथे सिल्व्हर आयोडाइडसोबत इंडियमचं ऑक्साइडही सोडत, जे थेंब गोठवत नाही. दोन्ही धूर एकत्रच जातात. पडणारं हिम हवेतले कण नुसतं झाडून खाली आणत असेल, तर दोन्ही सोडलेल्या प्रमाणातच सापडतील. चांदी त्या प्रमाणापेक्षा जास्त सापडली, तर ती स्फटिकाच्या जन्मापासून त्याच्या पोटात होती.

नमुना घ्यायची पद्धत अशी. वादळ संपल्यावर, शक्यतो त्याच दिवशी, जनरेटरच्या खुणेपासून दूर जा. वाऱ्याकडे तोंड करून उभे राहा, म्हणजे तुमच्या कपड्यांवरचं काही नमुन्यात पडणार नाही. जे हातमोजे घालून सोल्युशन भरलं ते या दिवशी गाडीतही नकोत. खड्डा खणा, त्याची भिंत प्लास्टिकच्या स्वच्छ पट्टीनं सरळ कापा, धातूचं फावडं त्या भिंतीला लागू देऊ नका. वरपासून दोन-दोन सेंटीमीटरचे थर प्लास्टिकच्या नव्या डब्यांत घ्या, झाकणावर तारीख, वेळ, खोली लिहा. पेरणीच्या आधीच्या वादळाचा थरही घ्या, तुलना त्याच्याशीच करायची आहे. डबे प्रयोगशाळेत पोचेपर्यंत गोठलेलेच राहू द्या. खड्डा परत भरून टाका, कोणाचा तरी पाय त्यात जाईल. आणि निघण्याआधी दोरीवरची पिसं झाडून ती मोकळी करा, पुढचं वादळ आलं की तिच्यावर पहिल्यापासून मोजता आलं पाहिजे.